मताविरुद्धची नोंद

आपल्या मताला अनुकूल असलेली गोष्ट मनुष्याच्या सहज लक्षात राहते. प्रतिकूल गोष्ट मात्र मन चटकन विसरून जाते. मनाची ही खोड इंग्लंडमधील थोर सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी वेळीच ओळखली. त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात किंवा पाहण्यात आली, अथवा तसा विचार नुसता मनात आला, तरी ते तो तत्काळ टिपून ठेवीत. हा नियम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला.

सजीवांच्या जाती कशा निर्माण झाल्या, याविषयीचा त्यांचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्याच सिद्धान्तापुढील अडचणींना त्यांनी एक संपूर्ण प्रकरण दिले होते. ग्रंथावर आक्षेपांचे वादळ उठले. परंतु त्यांतील बहुतेक आक्षेपांचा विचार डार्विन यांनी आधीच करून ठेवला होता.

गणित सोडविल्यावर जो ताळा पाहत नाही, त्याची चूक दुसरा दाखवितो. जो ताळा पाहतो, त्याची चूक त्याच्याच हातून सुधारते. विचारांचेही तसेच आहे.