भिंतीमागचं पाणी: बाथरूमची ओल शोधण्याचा धंदा



लीकेजवरचा व्हिडिओ बघितला असेल तर हे पटकन कळेल, नसेल बघितला तरी अडणार नाही. व्हिडिओत तपासण्या मी घाईत दाखवल्या. त्यांचा क्रम आणि पैशांचा हिशोब इथे सावकाश लिहितो.

सुरुवात माझ्याच घरापासून. बीडमध्ये आमचं दोन मजली घर. वरच्या मजल्यावर बाथरूम आणि त्याला लागून आईची खोली. दिवाळीच्या साफसफाईत आईनं लोखंडी कपाट पुढे ओढलं, तर मागची भिंत कमरेएवढी काळी. पोपडे हातात येत होते. कपाटाचं बूड गंजलेलं आणि खालच्या कप्प्यातली कापडी पिशवी ओली. त्या पिशवीत शेताची खरेदीखतं होती, वडिलांनी जपून ठेवलेली. शाई पसरली होती. आई मला काही बोलली नाही, पंख्याखाली एकेक कागद सुटा करत बसली.

आता गंमत बघा. माझं दुकानच हार्डवेअर आणि सॅनिटरीचं. गिऱ्हाईक आलं आणि "भिंतीला ओल आलीय" म्हणालं की मी वॉटरप्रूफिंगचा डबा काढून द्यायचो. ओल कुठून येते हे विचारायचोच नाही. घरीही तेच केलं. पोपडे खरवडले, आतल्या बाजूनं दोन हात मारले. अडीच महिन्यांत सगळं पुन्हा फुगलं. मग मिस्त्री बोलावला आणि शॉवरची भिंत फोडली, कारण पाइप तिथून जातो. पाइप ठणठणीत कोरडा. तशाच टाइल्स बाजारात मिळेनात म्हणून अख्खी भिंत नव्यानं करावी लागली. 18,500 रुपये गेले आणि ओल तिथल्या तिथेच.

खरं कारण होतं न्हाणी ट्रॅपचा फरशीशी असलेला सांधा. त्यात बोटभरही फट नव्हती, केसाएवढी होती.

पाणी जिथे दिसतं तिथे गळत नसतं

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा स्लॅब बहुतेक ठिकाणी खाली धरलेला असतो. तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी आणि मालानं भरतात आणि वर फरशी बसवतात. सांध्यातून उतरलेलं पाणी या भरावात साठतं, बाहेर पडायला वाट शोधतं आणि सगळ्यात मऊ भिंत धरून वर चढतं. आपल्याकडे खजाना बावडी बघायला सगळे जातात. तिथलं पाणी जमिनीखालच्या नहरांनी शेतापर्यंत जातं आणि मधे कुठे दिसत नाही. बाथरूमच्या फरशीखाली तसंच होतं, फक्त कोणी बांधून दिलेलं नसतं.

थेंबाचा हिशोबही करून बघा. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर जातं. वर्षाला दीड हजार लिटरच्या पुढे. उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या घराला हे वेगळं समजवावं लागत नाही.

फोडण्याआधी काय करायचं

सगळ्यात आधी वीज. ओल्या भिंतीत बोर्ड असेल, गिझरची लाइन असेल, तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. आईला त्याच भिंतीवरच्या बटणाला झिणझिण्या येत होत्या, ती महिनाभर हातात टॉवेल घेऊन बटण दाबायची आणि सांगितलं नाही कोणालाच. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात नसेल तर बसवून घ्यायला सांगा. हे तुमचं काम नाही असं म्हणू नका, गिऱ्हाईकाच्या घरात त्या दिवशी तुम्ही आहात.

मग एकच प्रश्न सोडवायचा: येणारं पाणी गळतंय की जाणारं? नळाचा पाइप फुटला असेल तर तो चोवीस तास गळतो. ट्रॅप किंवा फरशी गळत असेल तर फक्त वापरल्यावर.

रात्री मोटर बंद, सगळे नळ बंद, टाकीत पातळीवर खूण. सकाळी पातळी उतरली तर येणाऱ्या लाइनवर संशय. पण थांबा, फ्लशची टाकी इथे फसवते. तिच्यात खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय, भिंतीचा दोष नाही. एका सरांच्या फ्लॅटमध्ये मला एवढंच सापडलं होतं. आधी दुसऱ्या कोणी त्यांना पूर्ण बाथरूम फोडायचा आकडा दिला होता.

फ्लश बरोबर असूनही पातळी उतरत असेल तर लाइनला हातपंपानं प्रेशर द्या आणि काटा बघत तासभर बसा. खरंच बसा, चहाला जाऊ नका. काटा उतरला तर एकेक भाग बंद करत फुटका तुकडा गाठायचा. आपल्याकडे वरच्या टाकीचं पाणी तीन-चार मीटर उंचीवरून येतं, म्हणजे प्रेशर फारच कमी. त्यामुळे बारीक गळती वर्षानुवर्षं कळत नाही.

काटा स्थिर राहिला तर फरशी. ट्रॅपला गोळा लावून बंद करा, फरशीवर इंचभर पाणी भरा, पेन्सिलनं खूण करा, 24 ते 48 तास ठेवा आणि खालून, बाजूनं बघा. फरशी टिकली आणि तरी ओल वाढतेय, तर ट्रॅप उघडून रंगीत पाणी सोडा. आमच्याकडे भरलेलं पाणी फरशीवर जसंच्या तसं राहिलं होतं. रंगीत पाणी सोडल्यावर मात्र तिसऱ्या दिवशी आईच्या भिंतीच्या पायथ्याशी लालसर डाग आला.

भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून प्लास्टिकचा कागद एक दिवस ठेवायची युक्तीही कामाची आहे. थेंब कागदाच्या आतून आले तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरून आले तर खोलीची हवाच दमट आहे, तिथे एक्झॉस्ट फॅन लावला तरी भागतं. टाइल्सवर नाण्यानं वाजवत गेलात तर पोकळ जागा आवाजावरून कळतात, पण पोकळ म्हणजे गळकीच असं नसतं.

दुरुस्ती मग छोटी होते. आमच्याकडे ट्रॅपभोवती दीड फूट चौकोन फोडला, ओला भराव काढला, ट्रॅप नवा बसवला. कोपऱ्यांत गोलाई करून वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, ते नीट सुकल्यावर पुन्हा पाणी भरून दोन दिवस बघितलं आणि मगच ढाळ काढून फरशी लावली. 6,200 रुपये. आधीच्या खर्चाच्या जवळपास तिसरा हिस्सा.

आता धंद्याचं

या घटनेनंतर मी एक प्लंबर आणि एक गवंडी जोडीला घेऊन तपासणी सुरू केली. तपासणीचे 800 रुपये वेगळे घेतो, काम आपल्याला मिळालं तर बिलातून वजा करतो. सुरुवातीला मला स्वतःलाच लाज वाटायची, "नुसतं बघायचे पैसे?" पण फुकट बघणाऱ्याला पैसे फोडण्यातूनच काढावे लागतात, म्हणून तो फोडायलाच सांगतो. त्या सरांकडून फ्लशचा वॉशर बदलून 800 च घेतले. त्यांनी पुढच्या सहा महिन्यांत तीन घरं पाठवली.

कोटेशन दोन भागांत द्या: काय सापडलं ते फोटोसह, आणि कुठवर फोडणार तो आकडा. त्याच्यापुढे फोडायची वेळ आली तर काम थांबवून विचारणार, हे लिहूनच द्या. गॅरंटी फक्त तुम्ही हात लावलेल्या भागाची. मी एकदा खालच्या फ्लॅटच्या छताची गॅरंटी देऊन बसलो, वरच्या मजल्यावाल्यानं मला बाथरूममध्ये पाऊलही टाकू दिलं नाही, आणि दोन वेळा माझ्या खर्चानं रंग मारावा लागला. सोसायटी असेल तर उपविधी आधी वाचा. बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीनं बघायची, स्वतःच्या संडास-सिंकची सभासदानं.

भांडवल फार लागत नाही. मुद्राच्या शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 कारागिरांमध्ये गवंडी आहे, त्याला अवजारांसाठी 15,000 ची मदत आणि पहिलं एक लाखाचं कर्ज 5 टक्क्यांनी आहे. प्लंबर मात्र त्या यादीत नाही, म्हणून जोडीत गवंडी असेल तर अर्ज त्याच्या नावानं जातो.

एक चूक शेवटी सांगतो, नवीन पोरं हमखास करतात. गळती बंद झाली की दुसऱ्याच आठवड्यात रंग लावतात आणि रंग परत फुगला की गिऱ्हाईक तुम्हालाच धरतं. भिंतीतलं जुनं पाणी निघायला वेळ लागतो. आईची भिंत मी पोपडे काढून तीन महिने तशीच उघडी ठेवली होती. दर आठवड्याला ती स्वतः हात लावून बघायची आणि "अजून गार लागतीय रे" म्हणायची. खरेदीखतांच्या प्रमाणित नकला तेवढ्यात निबंधक कार्यालयातून काढून आणल्या.

कोरं कोटेशन कसं भरायचं ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.