जुन्या पिकअपचे इंजिन वारंवार का तापते?

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या घेऊन कोल्हापूरच्या बाजारपेठेकडे निघालेली एखादी जुनी पिकअप गाडी आंबा घाटात बॉनेट उघडून उभी असलेली पुष्कळदा दृष्टीस पडते. चालक थोडा वेळ थांबतो, रेडिएटरमध्ये पाणी ओततो व पुढे निघतो. पुढील खेपेस पुन्हा तोच प्रकार. पाण्याने ती खेप कशीबशी पार पडते, दोष मात्र जागच्या जागी राहतो. असे वारंवार घडत गेले म्हणजे इंजिनाचे हेड वाकते किंवा हेड गॅस्केट उडते, आणि एका पट्ट्याने किंवा झाकणाने भागले असते तेथे सबंध इंजिन उघडण्याची पाळी येते. शिवाय उन्हात अडकलेला माल उतरतो तो वेगळाच.

यास्तव गॅरेज गाठण्यापूर्वी मालकाने गाडी नेमकी केव्हा तापते हे ध्यानात घ्यावे. निम्मे निदान त्यातच आहे.

बाजार समितीच्या दाराशी रांगेत उभी असता गाडी तापते व रस्त्याला लागताच काटा खाली येतो, असे असेल तर दोष बहुधा पंख्याचा असतो. कारण गाडी धावताना समोरचा वारा पंख्याचे काम करतो. प्रथम पट्टा पाहावा. इंजिन बंद करून पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यास तो साधारण एक सेंटिमीटर लवावा. त्याहून फार सैल, भेगाळलेला किंवा गुळगुळीत झालेला पट्टा घसरतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालत असल्याने हवा व पाणी दोन्ही कमी पडतात.

याउलट सपाटीवर ठीक, परंतु भरल्या गाडीने चढ लागताच तापते, असे असल्यास रेडिएटर चोंदल्याचा संशय घ्यावा. बाहेरून गवताचे कुसळ, कीटक व धूळ पत्र्यांच्या जाळीत बसते. ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, बेताच्या जोराच्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पत्रे मुडपतात. आतील चोंदणे अधिक कठीण होय. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले गेल्याने, चहाच्या भांड्याला बसतो तसा पांढरा थर नळ्यांत बसतो. तो उष्णता अडवतो व वाटही अरुंद करतो. गाडी चालवून आणल्यावर इंजिन बंद करून, पंखा थांबल्याची खात्री करून, रेडिएटरवर जपून हात फिरवावा. मध्येच गार पट्टा लागला तर तेथील नळ्या बंद आहेत असे समजावे. पितळी रेडिएटर उघडून साफ करता येतो. प्लास्टिकच्या टाकीचा सहसा बदलावाच लागतो. त्यानंतर मात्र बोअरचे पाणी वर्ज्य करून उत्पादकाने सांगितलेले कूलंट वापरावे, आणि ते पातळ करावयाचे असल्यास शुद्ध केलेले पाणी घ्यावे.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. सुमारे 0.9 किलो दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी 100 ऐवजी 118 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर चिरलेले असेल तर हा सारा लाभ जातो व पाणी अकारण बाहेर फेकले जाते. तथापि तापलेल्या इंजिनाचे झाकण केव्हाही उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने तोंड व हात भाजतात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची एक सोपी युक्ती अनेक मेस्त्री सुचवितात. ती ग्राह्य नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्याने पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परस्पर इंजिनात जातो व तापणे उलट वाढते. इतरांत इंजिन नेहमी थंडावलेले राहून लवकर झिजते. थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात टांगून तापवावा व उष्णतामापक धरावा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या सुमारास, पुष्कळदा 82, तो उघडू लागला पाहिजे. न उघडल्यास नवा बसवावा.

पाणी रोज कमी होते, पण जमिनीवर थेंब दिसत नाही, ही खूण मात्र गंभीर आहे. सकाळी थंड इंजिनाचे झाकण काढून, रेडिएटर काठोकाठ भरून इंजिन सुरू करावे. बुडबुडे सतत येत राहिले तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे, म्हणजे गॅस्केट गेले किंवा हेडला तडा गेला, असा दाट संशय घ्यावा. ऑइल दुधाळ झाले असेल तर गाडी मुळीच चालवू नये. हेड उतरविल्यावर त्याची सपाटी पट्टी लावून तपासून घ्यावी, आणि नवे गॅस्केट बसविण्यापूर्वी रेडिएटर, पट्टा व झाकण यांतील मूळ दोष त्याच वेळी काढावा. अन्यथा नवे गॅस्केटही पुढच्या हंगामात त्याच घाटात उडेल.