टाकी भरलेली, बेअरिंग कोरडे



ऊसतोडणी यंत्र घेतलेल्या सभासदांची हंगामात एक तक्रार हमखास येते, "साहेब, ग्रीसची टाकी भरलेली, तरी बेअरिंग गेलं." स्वयंचलित ग्रीस यंत्रणा आली म्हणजे बघायचं काम संपलं, असा समज त्यामागे असतो.

या यंत्रणेत पंप टाकीतले ग्रीस मुख्य नळीतून वाटपाच्या ब्लॉकमध्ये ढकलतो. ब्लॉकमधले दट्टे पाळीने सरकतात. एकाचे झाल्याशिवाय दुसरा हलत नाही. पाण्याच्या पाळीसारखेच म्हणा ना. त्यामुळे एका नळीचे तोंड तुंबले, की त्या ब्लॉकवरची सगळीच बेअरिंगे उपाशी राहतात. दाब वाढून पंपाजवळच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून ग्रीस बाहेर येते. चालक ते फडक्याने पुसतो आणि पुढच्या सरीला लागतो! अहो, तीच तर बिघाडाची खूण.

इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवा. ग्रीसगनने ब्लॉकला दाब देत एकेक नळी सैल करून बघा. जी सैल करताच ग्रीस जोरात सुटते आणि दट्टे पुन्हा चालू लागतात, तिच्याच पुढे अडथळा आहे. तिथे बूच मारून वेळ मारून नेऊ नका. असे केल्यास बहुतेक ब्लॉक जागीच अडकतात.

याहून वाईट बिघाड म्हणजे ब्लॉकच्या पुढची नळी पाचटात ओढली जाऊन तुटणे. ग्रीस जमिनीवर पडते, दाब वाढत नाही, इशाऱ्याचा दिवाही लागत नाही. म्हणून रोज यंत्र थांबल्यावर प्रत्येक बेअरिंगच्या कडेला ताजे ग्रीस दिसते का ते पाहावे. तुकडे केलेला ऊस अख्ख्या उसापेक्षा लवकर खराब होतो, आणि अर्धी भरलेली ट्रॉली फडात अडकली की नुकसान सभासदाचे आणि कारखान्याचेही.

टाकी पार रिकामी होऊ दिली तर हवा शिरते. पंप फिरतो, ग्रीस जात नाही. मुख्य नळी सोडून सलग ग्रीस येईपर्यंत पंप चालवावा. झाकण उघडून हाताने ग्रीस भरू नये, धूळ आत जाते. निपल पुसून पंपानेच भरावे. दोन जातींचे ग्रीस मिसळू नये.

गळक्या नळीवर मात्र कधीही बोट दाबू नका. दाबाखालचे ग्रीस कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

— ऊसविकास अधिकारी