माणसांत राहून

चि. मुक्तास,


तुझं पत्र मिळालं. वर्षभर कुणात मिसळायचं नाही, आधी स्वतःला घडवायचं, असं ठरवलंयस. वाचन, व्यायाम, ध्यान, सगळं कर. पण बंद खोलीत रागवायला कुणी नसतं, म्हणून राग गेल्यासारखा वाटतो. तो गेला की नाही, हे माणसांतच कळतं गं.

लक्ष्मीबाई टिळकांकडे बघ. जन्म १८६८ चा. वडील सोवळ्याने पछाडलेले. बाजारातला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. शाळा नाही, अक्षरओळख नवऱ्याकडून झालेली. त्या नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंनी आपलं सोवळं लगेच सोडलं नाही. टिळकांचं मत पटलं म्हणून त्या बदलल्या, असं मला वाटत नाही. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्याशी रोजचा संबंध आला, माणसं जवळून दिसली, आणि जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांचं त्यांना उमगलं. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक गेल्यावर त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे अपुरं काव्य बाईंनीच पुढे नेलं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’सुद्धा जन्माला आलं ते मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी आठवणी हव्या होत्या म्हणून!

याचा अर्थ कुणाचंही काहीही सोसावं असा नाही. टिळक तापट होते, लहरी होते. बाई त्यांच्याशी भांडल्या, दूर राहिल्या, नको ते ठामपणे नाकारलं. अपमान करणाऱ्यापासून तूही खुशाल दूर हो. पण जी माणसं फक्त आपल्यापेक्षा वेगळी आहेत, आपल्याला अडवतात, ‘तुझं चुकतंय’ म्हणतात, त्यांना त्रास समजून तोडू नकोस. तुझी ती सोबतीण, भांड्यांवरून जिच्याशी वाजलं, ती मला यांतलीच वाटते. तिच्याशी एकदा समोर बसून बोल. तुझं म्हणणं सांग, तिचं पुरतं ऐकून घे. त्यानंतर वेगळं राहावंसं वाटलं तर राहा.

‘स्मृतिचित्रे’ पाठवते आहे. वेगळं राहण्याच्या वर्षांचा भाग आधी वाच. आणि माझं म्हणणं पटलं नाही तर मनात ठेवू नकोस, फोन करून भांड. मी वाट बघते.

तुझी
मावशी