अरुंधती दिसली का?

माझ्या लग्नात भटजींनी आकाशाकडे बोट दाखवून विचारले, "अरुंधती दिसली ना?" मी मान डोलावली. खरे म्हणजे मला काहीच दिसले नव्हते. ही लबाडी पुढे कित्येक वर्षे मनाला टोचत राहिली. तीन इंची दुर्बीण हाती आली तेव्हा मी प्रथम तीच वसिष्ठाकडे वळविली.

सप्तर्षींच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ. त्याच्यापासून सुमारे १२ कलांवर अंधुक अरुंधती. दृष्टी चांगली असेल तर ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. पण दुर्बिणीतून पन्नासपट मोठे करून पाहताच खुद्द वसिष्ठच दुभंगलेला दिसला! १४ विकलांवर त्याचा फिकट जोडीदार होता.

नवल इथेच संपत नाही. त्या दोहोंतील तेजस्वी ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा कधी एकेरी, तर कधी दुहेरी दिसतात. म्हणजे तिथेही दोन तारे परस्परांभोवती फिरत आहेत. हे १८८९ साली हार्वर्डच्या पिकरिंग यांनी जाहीर केले. फिकट जोडीदारही असाच दुहेरी निघाला. २००९ साली अरुंधतीलाही सहचर सापडला. असे एकूण सहा तारे!

विद्यार्थी मित्रांनो, एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे पाहा. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीतून. जे दिसेल तेच वहीत लिहा. न दिसल्यास 'दिसले नाही' असे लिहा. माझ्यासारखी उगाच मान मात्र डोलावू नका.