कॉन्टेसाला तीन इंची पाइप?

प्रश्न: मामांची जुनी कॉन्टेसा क्लासिक, इसुझू इंजिनवाली, माझ्याकडे आली आहे. रंगकाम झालं, सीटा झाल्या, आता सडलेला सायलेन्सर बदलायचा आहे. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, तीन इंची पाइप टाकून देतो, ताकद वाढेल आणि आवाज थेट अमेरिकन मसल कारचा येईल. मेकॅनिक म्हणतो, पाइप मोठा केला की बॅक प्रेशर जातं आणि गाडी बसते. आम्ही शेतात बोअरची मोटार मोठी टाकली की पाइपही मोठा टाकतो. मग गाडीला का नको? – एक वाचक, लातूर

उत्तर: बोअरचा हिशेब अगदी बरोबर आहे, तोच पुरता लावून बघा. मोटार दहा एचपीची असेल तर पाइप मोठा. पण पाच एचपीची मोटार तशीच ठेवून नुसता पाइप मोठा केला तर पाणी काही दुप्पट येत नाही. पाइप ताकद तयार करत नाही, तयार झालेली अडवू नये एवढंच त्याचं काम. तेव्हा आधी विचारायचं ते इंजिन किती ताकद काढतं हे.

अमेरिकेत मसल कारवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. पाइपचं आतलं क्षेत्रफळ दर 100 अश्वशक्तीमागे साधारण 2 चौरस इंच धरायचं. 500 अश्वशक्तीच्या व्ही-एट इंजिनाला 10 चौरस इंच लागतात. अडीच इंची पाइपचं क्षेत्रफळ 4.9 चौरस इंच, म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी एकेक अडीच इंची पाइप काढतात. तीन इंची पाइप एकटा असेल तर साडेतीनशे अश्वशक्तीपर्यंत निभावतो. आता आपली कॉन्टेसा. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने 1984 मध्ये ती आणली तेव्हा इंजिन अॅम्बेसेडरचंच होतं, 1489 सीसीचं. पुढे 1.8 लिटरचं इसुझू आलं, तेही 90 अश्वशक्तीच्या आतबाहेर. म्हणजे तुम्हाला पावणेदोन चौरस इंच पुरतात, आणि ते दीड इंच आतल्या व्यासातच मिळतात. तीन इंची म्हणजे व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. साडेतीनशे घोड्यांचा तबेला बांधून त्यात नव्वद बांधायचे, त्यातलेही काही आता म्हातारे.

बरं, त्या अमेरिकन आकड्यांचीही एक गंमत आहे. 1970च्या शेव्हरोले शेव्हेलमधलं 454 घनइंचाचं एलएस-सिक्स इंजिन 450 अश्वशक्तीचं म्हणून गाजलं. पण त्या काळी तिकडे इंजिन नुसतं चाचणीच्या टेबलावर चढवून, गाडीचा स्वतःचा सायलेन्सर न लावता ताकद मोजत. 1972च्या मॉडेलांपासून सगळं साहित्य जोडून मोजलेले आकडे छापायला लागले आणि कागदावरचे घोडे एकदम कमी झाले. जुन्या ब्रोशरवरून पाइप निवडणारे तिकडेही फसतात.

मेकॅनिकचं निरीक्षण खोटं नाही, कारण मात्र चुकलंय. कोणत्याही इंजिनाला मागून दाब नको असतो. जळालेला वायू बाहेर ढकलायला जी ताकद जाते ती चाकांपासूनच वजा होते. इंजिनाला हवा असतो तो वायूचा वेग. इथे बोअरची उपमा सोडून द्यावी लागते, कारण पाणी सलग वाहतं आणि धूर धक्क्याधक्क्याने येतो. चार सिलिंडरचं इंजिन 3000 आरपीएमवर असेल तर सेकंदाला शंभर धक्के पाइपात शिरतात. एक धक्का जोरात पुढे गेला की मागे कमी दाबाची पोकळी राहते. शिवाय नळीच्या उघड्या टोकावरून दाबाची लाट उलटून परत येते ती ओढ लावणारी होऊन येते. ती नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते आणि पेट्रोलचा ताजा भरणा आत यायला मदत होते. नळी फार रुंद केली की वेग पडतो, ओढ मंदावते. दीड-दोन हजार आरपीएमवर, म्हणजे अहमदपूर सोडून लोह्याकडे जाताना उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना जिथे ताकद हवी असते, नेमकी तिथेच गाडी मिळमिळीत वाटते.

पण हेही सांगायला हवं की हा परिणाम मॅनिफोल्डजवळच्या नळ्यांत जास्त आणि मागच्या लांब पाइपात कमी. तीन इंची पाइप मागे टाकला म्हणून तुमची गाडी बसून जाणार नाही. फक्त मिळणार काही नाही, वर वजन वाढेल आणि गावातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला पाइप घासेल. उलट मागचा भाग थोडा बारीक असला तरी चालतो. इंजिनातून 700 अंशांनी निघालेला वायू टोकाशी 300 अंशांवर आला तर त्याचं घनफळ चाळीसेक टक्क्यांनी घटलेलं असतं.

आवाजाचं म्हणाल तर तो पाइपात नसतोच. अमेरिकन व्ही-एटचा तो घोगरा, अडखळता गडगडाट त्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टमुळे येतो. एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, दोन लागोपाठ, मग थांबून पुढचा. तुमच्या इंजिनात ते ठरल्या तालात पडतात. तीन इंची पाइपातून तोच ताल मोठ्याने ऐकू येईल, एवढंच.

मग काय करायचं? बाहेरून पावणेदोन इंचाचा पाइप घ्या. पाइप बाहेरच्या मापाने विकला जातो. दीड मिलिमीटर जाडीचा असेल तर आत जवळपास साडेएक्केचाळीस मिलिमीटर उरतात, भरपूर झाले. मापापेक्षा बेंडकडे लक्ष द्या. साध्या मशीनवर दाबून वाकवलेला पाइप कोपऱ्यात चपटा होतो आणि तुम्ही पैसे मोजलेलं माप तिथेच संपतं. जुने कारागीर पाइपात कोरडी वाळू ठासून, गरम करून वाकवत. तसा हात असलेला कोणी सापडला तर सोडू नका. आणि फॅब्रिकेशनवाला बोअरचा उरलेला जीआय पाइप वापरू म्हणाला तर सरळ नाही म्हणा. वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताचा धूर उठतो, तो छातीत गेला की वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

सगळ्यात आधी मात्र एक चाचणी करा. सायलेन्सरच्या पुढे पाइपाला भोक पाडून त्यावर नट वेल्ड करून घ्या, त्यात हातभर तांब्याची नळी बसवा आणि नळीच्या टोकाला कमी दाब दाखवणारं मीटर लावा. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेस देऊन काटा बघा, बघायला शेजारी कोणीतरी बसवा. दोन पीएसआयच्या आत असेल तर पाइप अडवत नाही, होता त्याच मापाचा नवा टाका. पाचच्या वर गेला तर सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या गंजून पडल्या असतील, माप बदलण्याआधी त्याच बदला. नट नंतर बोल्टने बंद होतो.

प्रश्न: बुलेटला मोकळा सायलेन्सर लावला तर पिकअप वाढतो असं सगळे म्हणतात. खरं का? आणि दंड नक्की किती? – एक वाचक, नांदेड

उत्तर: जुन्या 350 बुलेटचं इंजिन 346 सीसीचं, 18 अश्वशक्तीचं. त्यात मोकळा पाइप लावून जे काही मिळेल ते मागे बसलेला मित्र उतरवला तरी मिळतं. आवाज वाढल्याने वेग वाढल्याचा भास होतो, तोच पिकअप म्हणून सांगितला जातो. कार्ब्युरेटरचं जेट न बदलता सायलेन्सर मोकळा केला तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होऊ शकते, इंजिन तापतं, आणि मे महिन्यात नांदेडच्या उन्हात ते आधीच तापलेलं असतं. रेस सोडल्यावर फटाके वाजतात ते न जळालेलं पेट्रोल पाइपात पेटल्यामुळे. हौसेने ऐकण्यापेक्षा गॅस्केट गळतंय का ते बघावं.

दंडाचं असं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ प्रमाणे मालकाने परस्पर केलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाची मर्यादा ओलांडली तर कलम 190 खाली 10,000 रुपयांपर्यंत, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. 2019च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. हे लातूरच्या कॉन्टेसालाही लागू आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला गाडी आरटीओत न्यावी लागते, आणि तिथले निरीक्षक खाली वाकून बघतात.