माळरान पडीक नव्हे : धनगरांची चराईची विद्या

बारामती-इंदापूर म्हटले की आज ऊस, कालवा आणि साखर कारखाने डोळ्यांसमोर येतात. परंतु नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचले नाही, तेथे जुनी भीमथडी अजून दिसते. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उथळ मुरमाड जमीन आणि तीवर गवत. सरकारी दप्तराने अशा जमिनीला वर्षानुवर्षे ‘पडीक’ म्हटले. लिहिणाऱ्याने धनगराला विचारले नसावे.

धनगराला या माळाचे गवत न् गवत ओळखता येते. मारवेल मेंढरू आवडीने खाते. कुसळी मात्र कोवळी असेपर्यंतच चारायची. कुसळे पक्व झाली की लोकरीत रुततात, कातडीत शिरतात. पावसाळा या कोरड्या माळावर काढायचा, कारण अतिपावसाच्या मुलखात ओलीने खूर कुजतात. दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे किंवा पीक निघालेल्या रानांकडे निघतात व मृगाच्या सुमारास परततात. त्यामुळे उन्हाळ्यात माळावरचा भार आपोआप हलका होतो.

वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. रात्रभर कळप वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात असतो. लेंडी व मूत थेट जमिनीत जाते आणि धनगराला धान्य अथवा पैसे मिळतात. बिऱ्हाड वाहणाऱ्या भीमथडी तट्टाची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, तीही अगदी अलीकडे. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची घोंगडी सणगर विणतात व तिला चिंचोक्याची खळ देतात. लोकरीला भाव उरला नाही, तसा हा धंदाही खालावला. एका विद्येच्या आधाराने दुसरी उभी असते, ती अशी.

याच गवतावर चिंकारा व लांडगा जगतात. लांडगा कधी मेंढरू नेतो. कितीतरी मेंढपाळ तो त्याचा वाटा समजून पुढे चालतात. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली झाले, क्षेत्र अवघे 5.14 चौरस किलोमीटर. बारामतीतील शिर्सुफळ व इंदापुरातील कडबनवाडी येथे 2024 मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू झाली. उशिरा का होईना, माळाला किंमत आली. परंतु चर खणून झाडे लावली की माळ सुधारतो, ही समजूत गेलेली नाही. गवताच्या जागी झाडी वाढली की चिंकाऱ्याचे मोकळे रान जाते आणि मेंढराची चराईही जाते.

बँकेत वीस वर्षे कर्जाचे अर्ज पाहतो. त्यात सातबारा विचारतात, कायमचा पत्ता विचारतात. चराईच्या ज्ञानाला रकाना नाही. वनहक्क कायदा 2006 ने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला. मात्र महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातींत नव्हेत. त्यामुळे त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. सतत चालणाऱ्याने वस्तीचा कागद आणायचा कोठून?

एक मार्ग हाताशी आहे. जैविक विविधता कायदा 2002 नुसार ग्रामपंचायतीच्या समितीने लोकांच्या ज्ञानाची नोंदवही करावयाची असते. ती कार्यालयात बसून भरू नये. दिवाळीनंतर वाडे हललेले असतात, म्हणून बैठक पावसाळ्यातच माळावर घ्यावी, आणि तीत बायकांनाही बोलते करावे. कोकरे वाढवतात त्याच.